मासे जुळतील, पण घर जुळेल का?



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर चपला घालता घालता आमच्या मंडळातल्या एका ताईंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलाने नवा फ्लॅट घेतलाय आणि हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा फिश टँक बसवायचं चाललंय. म्हणाल्या, "तुमच्या मुलाकडे पुण्यात आहे ना तसला? मग जरा विचारून सांगा, एकमेकांशी जुळणारे मासे कोणते घ्यावेत. भांडण नको, मारामारी नको. आणि शक्यतो शाकाहारी बघा."

तेव्हा मला हसू आलं, आणि रात्री झोप येईना. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईल असं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. ताई वाचतीलच. रागावल्या तरी वाचतील.

आधी माझी स्वतःची चूक कबूल करते. सात वर्षांपूर्वी मुलाला कुत्रा पाळायचा होता. मी म्हटलं, "कुत्रा नको रे बाबा, स्वयंपाकघरात फिरेल, त्याला काय काय आणून घालावं लागेल. त्यापेक्षा मासे आण. पाण्यातले पाण्यात राहतील." हे वाक्य माझंच, दुसऱ्या कुणाचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तारापोरवाला मत्स्यालय होतं. लग्नानंतर मुंबई बघायला गेलो होतो, तेव्हा चर्नी रोडला उतरून आम्ही दोघं तिथे गेलो होतो. काचेमागे रंगीत मासे फिरत होते आणि मी तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना सकाळ-संध्याकाळ काय घालतात, हा प्रश्न मला पडलाच नाही. बी.कॉम. होते, पण समोरच्या मालाची खरेदी कुठून झाली हे विचारायचं सुचलं नाही.

तर मुलाने टाकी आणली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबाने साधारण २५५ लिटर होतात, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी दोनशे लिटरच्या आतच. दुकानदाराने सांगितलं, "आधी डॅमसेल टाका. टाकी पिकायला लागते ना. स्वस्त मासा आहे, गेला तरी हरकत नाही."

गेला तरी हरकत नाही! मी तेव्हा सांगलीत होते, मला हे वाक्य दोन वर्षांनी कळलं.

टाकी पिकणं म्हणजे काय ते सांगते, कारण दुकानात हे कुणी समजावून सांगत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे सूक्ष्म जीव त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. हे जीव दगडावर, वाळूत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्यात जो मासा असेल त्याचे कल्ले अमोनियाने भाजतात. बिनमाशाची टाकीही पिकवता येते, थोडा अमोनिया मोजून घालायचा आणि थांबायचं. पण थांबायचं कुणाला असतं? म्हणून एक पंचेंद्रिय जीव आत सोडायचा, आणि तो जगतो का मरतो यावरून पाणी चांगलं झालं का ते ठरवायचं. आमच्याकडे तीन सोडले, त्यातले दोन गेले.

तिसरा जगला आणि टाकीचा मालक झाला. नंतर आणलेल्या निमोंना (तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, सिनेमामुळे सगळी मुलं त्याला निमोच म्हणतात) तो एका कोपऱ्यातून हलू देईना. त्यांच्या शेपट्या कुरतडल्या. शेवटी त्याला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले. दुकानदाराने तो परत घेतला आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाची टाकी पिकवायला देतो." म्हणजे ज्याला आपण भांडखोर ठरवला, त्याला आपणच भाजून, एकटा पाडून, दोनशे लिटरांत कोंडून तसा केला आणि वर पुन्हा त्याच कामावर पाठवला.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. जुळणारे मासे.

मुलाने मला एक तक्ता दाखवला होता. आडवी माशांची नावं, उभी माशांची नावं, आणि मधे हिरवे, पिवळे, लाल चौकोन. मला पत्रिका जुळवायच्या पुस्तकाची आठवण झाली. पण बायांनो, हिरवा चौकोन म्हणजे प्रेम नव्हे. "बहुधा खाणार नाही" एवढाच त्याचा अर्थ. पिवळा म्हणजे "टाकी मोठी असेल तर मारणार नाही", आणि लाल म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. एकाच अंगलटीचे, एकाच रंगाचे, एकच अन्न खाणारे मासे एकमेकांवर जास्त तुटून पडतात. निमोंची जोडी एकदा जमली की तिसरा निमो त्यांना चालत नाही, बहुतेक वेळा मारूनच टाकतात. (त्या जोडीतला मोठा मासा मादी असतो. ती गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. निसर्गाचं हे एक आश्चर्यच, सिनेमात दाखवलं नाही.) लायनफिश दिसायला शांत, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. भित्रे मासे आधी सोडायचे, दांडगे सगळ्यात शेवटी, म्हणजे दांडग्याला आपला इलाखा ठरवायला जागा उरत नाही. एका वेळी एकच मासा, आणि तोही आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवून. नाहीतर त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके सगळ्यांना लागतात. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण त्याने टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगाई मरतात.

ही सगळी माहिती खरी आहे, उपयोगाची आहे, आणि टँक असेल तर पाठ असलीच पाहिजे. माझी तक्रार माहितीवर नाही. तक्रार अशी आहे की या तक्त्यात एक रकाना कमी आहे. मासा माशाशी जुळतो का हे आपण विचारतो. मासा आपल्या घराशी जुळतो का, हे कुठे विचारतो?

समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत हरलेला मासा कोपऱ्यात उभा राहतो. म्हणजे बहुतेक भांडण स्वभावाचं नसून जागेचं असतं, आणि जागा आपण ठरवलेली असते. मग "कोणते मासे भांडकुदळ आहेत" असं विचारायचा आपल्याला काय अधिकार?

आणि ते "शक्यतो शाकाहारी". हे ऐकून तर मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, कारण मीही अगदी हेच विचारलं होतं. मैत्रिणींनो, आपण ज्याला शाकाहार म्हणतो तो पाळणारा मासा या छोट्या टाक्यांत जवळजवळ नाहीच. निमो सगळं खातो, त्यात समुद्रातले बारीक जीव मुख्य. शेवाळावर चरणारे मासे आहेत, पण त्यांतले बरेचसे त्या टँग जातीचे, दिवसभर मैलभर चरत फिरणारे, त्यांना चार फुटांची काच पुरत नाही. मँडरिन म्हणून एक फार सुंदर मासा मिळतो, निळ्या-केशरी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा. कुणाशी भांडत नाही, तक्त्यात सगळीकडे हिरवा. तो दिवसभर दगडांवरचे सुईच्या टोकाएवढे जीव वेचून खातो, आणि नव्या लहान टाकीत ते काही आठवड्यांत संपतात. मग तो सगळ्यांशी जुळवून घेत उपाशी मरतो. सुक्या गोळ्या घालू म्हणाल, तर त्या डबीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. पहिला घटक बहुधा माशाचं पीठच असतो.

आणि गोळ्यांवर भागत नाही. मुलाकडे बाल्कनीत एक छोटा वेगळा फ्रीज आहे. त्यात गोठवलेल्या बारीक कोळंब्यांच्या वड्या असतात. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजला मी हे लागू देणार नाही." तिने शब्द पाळला, तिला दोष नाही. पण भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, घर तर एकच ना? कांदा-लसणासाठी आपण सुनांना किती बोलतो, जरा आठवून बघा.

दोन वर्षांपूर्वी मुलगा-सून एका लग्नाला बंगळुरूला गेले, पाच दिवस. मी आणि नात घरी. तिसऱ्या दिवशी चतुर्दशी, माझा उपवास. संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, तू नको, तुला चालत नाही ना, मी घालते त्यांना." नऊ वर्षांची पोर. तिच्या बोलण्यात समजूतदारपणा होता, आणि त्यानेच मला चटका बसला. माझ्या उपवासाचं पाप मी नऊ वर्षांच्या मुलीच्या हातावर टाकायचं? मीच बाल्कनीत गेले. वडी वाटीत टाकीच्या पाण्यात विरघळू लागली, आणि एकेक कोळंबी वेगळी झाली, त्यांचे काळे ठिपक्याएवढे डोळे दिसायला लागले. पन्नास-साठ तरी असतील, एका वेळच्या जेवणाला. मी ती घातली. हात तीनदा धुतले आणि सामायिकाला बसले, ती काही झाली नाही.

का घातली? कारण न घालणं हाही दोषच. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. त्यात पहिला बंध, म्हणजे जिवाला कोंडणं, बांधून ठेवणं. आणि शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आपल्या ताब्यातल्या जिवाचं खाणंपिणं अडवणं. पाठ म्हणताना मला वाटायचं, हे बैल-म्हशी पाळणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं. त्या संध्याकाळी कळलं की हे दोन दोष एकमेकांना बांधलेले आहेत. एकदा कोंडलं की पुढे रोज तुमच्यापुढे दोनच वाटा: उपाशी ठेवा, नाहीतर त्याच्यासाठी दुसरे मारून आणा. तिसरी वाट बाहेर होती, कोंडण्याआधी. आणि टाकीत एकेक मासा वाढवणं म्हणजे ही रोजची निवड एकेकाने वाढवणं. कोळंब्यांच्या वड्या वाढणार, हे तर कुठल्याही वहीत मांडून दाखवते.

यंदा नातीला वाढदिवसाला "डोरी" हवी होती. निळा मासा, पिवळी शेपटी. तक्ता म्हणत होता, निमोशी जुळते. मुलगा तयार होता. मी टेप काढली. डोरी पूर्ण वाढली की एक फुटाच्या जवळपास जाते, आणि टाकीची रुंदी दीड फूट, त्यातला निम्मा भाग दगडांनी भरलेला. नातीला म्हटलं, "तुझी शाळेची व्हॅन आहे ना, त्यातच राहायचं, उतरायचंच नाही. चालेल?" ती काही बोलली नाही. मग विचारलं, ही येते कुठून? निमोची पैदास तरी माणसाच्या हाताखाली होते. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. पण डोरीची पिल्लं पैदास केंद्रात पहिल्यांदा जगवली ती २०१६ साली, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. दुकानात येते ती बहुतेक समुद्रातूनच पकडलेली. आणि एकटी तीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २००३ च्या अहवालात या व्यापारात वर्षाला २ कोटींहून जास्त समुद्री मासे आणि १,४७१ जाती मोजल्या होत्या, त्यांतले बहुतेक सगळे प्रवाळांच्या खडकांतून उचललेले. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायची पद्धत सुरू झाली आणि तिथून इतरत्र पसरली. फवारा प्रवाळावरही पडतो, तेही मरतं.

माझी आजी पाणी गाळायची. गाळणं झालं की फडक्यातली जिवाणी कळशीत घेऊन, ज्या आडाचं पाणी त्याच आडात परत सोडायची, उंचावरून न ओतता अगदी हळू. दुसऱ्या आडात नाही, कारण त्या जिवाचं ते घर नव्हे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचं घर जपणाऱ्या बाईची मी नात, आणि माझी नात इंडोनेशियाच्या समुद्रातला मासा वाढदिवसाला मागते. दोष तिचा नाही. मधल्या दोन पिढ्यांचा आहे, त्यात मी आले.

मला कोण काय उत्तर देणार तेही माहीत आहे. एक वहिनी म्हणतात, मासे शुभ असतात, तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे, अरहनाथ भगवंतांचं चिन्ह मासा आहे. आहे ना. पण स्वप्नातलं ते युगल काचेत होतं का? शिवाय वृषभही सोळा स्वप्नांत आहे, तो हॉलमध्ये बांधणार का?

दुसरं उत्तर जास्त गोड आहे, म्हणून जास्त घातक. "आपण दुकानातून मासे विकत घेऊन समुद्रात सोडू, अभयदान होईल." थांबा. दुकानातली एक पेटी रिकामी झाली की दुकानदार ती भरण्यासाठी मागणी पाठवतो. त्याच्या वहीत दया म्हणून वेगळं खातं नसतं, विक्रीचंच असतं. तुम्ही दहा सोडवले की दहा नवे पकडले जातात, आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. त्यात परक्या पाण्यात सोडलेला मासा एकतर मरतो किंवा तिथल्यांना मारतो. तो लायनफिश हिंदी-प्रशांत महासागरातला. अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळ १९८० च्या दशकात तो अटलांटिकमध्ये दिसायला लागला, तोही पाळणाऱ्यांनीच सोडलेला असं मानतात, आणि आज तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. मृगसेन धीवराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जाळ्यात आलेला पहिला मासा त्याने सोडला, पण ज्या नदीतला त्याच नदीत. बाजारातून विकत आणून नाही.

मुलाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. तो म्हणतो, "आई, पैदास केलेला मासा घेतला तर समुद्रातून कुणाला उचललं नाही." खरं आहे, तेवढा एक रकाना हिरवा झाला. पण बंध तसाच राहिला आणि बाल्कनीतला फ्रीजही तसाच राहिला. तो दर रविवारी पाणी तपासतो, क्षार मोजतो, वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावायला रात्री दोनला उठतो. माझ्या औषधांची एवढी आठवण ठेवली असती तर, असो. प्रेम नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण निमो नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, जास्तही. मी सहासष्टची. मी गेल्यावरही बाल्कनीतल्या फ्रीजमध्ये वड्या असतील.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या घरात टँक नाही, तिथे जुळणारा मासा एकही नाही. मोठी टाकी घ्या किंवा छोटी, शांत मासा घ्या किंवा दांडगा. हॉलमध्ये काहीतरी हलतं हवं असेल तर खिडकीत पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवा, आपणहून येतील आणि आपणहून जातील.

आणि ज्यांच्याकडे आधीच आहे, माझ्या मुलासारखं, त्यांनी आहेत ते मासे मरेपर्यंत नीट सांभाळावेत. उपाशी ठेवू नका, "आमच्यात चालत नाही" म्हणून नुसती काकडी घालू नका, तो धर्म नव्हे, छळ आहे. टाकीला झाकण ठेवा, बरेच मासे उडी मारून फरशीवर पडतात आणि सकाळी झाडताना सापडतात. एक गेला म्हणून जागा रिकामी दिसते, त्या जागी दुसरा आणू नका. नवा जीव पिकवायला तर मुळीच नको. कुणी आपल्या समुद्रातलं प्रवाळ किंवा समुद्रघोडा आणून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा. २००१ पासून त्यांना वाघाइतकं कायद्याचं संरक्षण आहे, धर्म बाजूला ठेवला तरी तो गुन्हा आहे.

डोरी आली नाही. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने टाकीसमोर बसून दोन्ही निमो आणि वाळूतला पिवळा गोबी असं चित्र काढलं आणि कोपऱ्यात एक निळा मासा काढून त्याच्याभोवती काच न काढता नुसतं पाणी रंगवलं. मला दाखवलं नाही, फ्रीजवर चिकटवलं. बाल्कनीतल्या.

मुलगा अजून म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." मंडळातल्या ताईंना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं, त्या "हो का" म्हणाल्या. टाकीची काच म्हणे आधीच कापायला टाकली होती.